कंट्रोल-एस दाबल्यावर नेमकं होतं काय?

या वेळच्या टपालात एकच तक्रार निरनिराळ्या शब्दांत आली आहे: फाइल सेव्ह व्हायला फार वेळ लागतो. लिहिणाऱ्यांत कुणी वर्डवर काम करतं, कुणी एक्सेलवर, कुणी लिबरऑफिसवर. बहुतेकांनी पत्र पाठवण्याआधी काही ना काही करून पाहिलं आहे. कुणी रॅम वाढवली, कुणी ऑफिस काढून पुन्हा टाकलं, एका वाचकाने तर विंडोजच नव्याने बसवलं. हे वाचून मला मनापासून वाईट वाटलं, कारण थोडी तपासणी आधी केली असती तर घोडं कुठे पेंड खातंय ते कळलं असतं आणि हा खर्च आणि वेळ दोन्ही वाचलं असतं. म्हणून या वेळी फक्त हीच पत्रं घेतली आहेत.

प्रश्न : मी प्रबंध आणि अहवाल टाइप करून, पानांची मांडणी करून देते. लिबरऑफिस रायटर वापरते. सध्या हातात असलेला अहवाल २४० पानांचा आहे आणि त्यात दीडशेच्या आसपास फोटो आहेत. ज्यांचं काम आहे त्यांना वर्डची फाइल हवी, म्हणून पहिल्यापासून डॉकएक्समध्येच सेव्ह करते. हल्ली कंट्रोल-एस दाबलं की मिनिटभर तरी हात बांधल्यासारखं बसावं लागतं. शिवाय मी काहीही न दाबता, टाइप करता करताच मध्येच पडदा गोठतो आणि थोड्या वेळाने आपोआप सुटतो. रॅम दुप्पट केली, फरक शून्य. आता काय करू?

उत्तर : ताई, रॅमचा इथे दोष नव्हता. रॅम कमी पडत असती तर टाइप करताना, पानं वरखाली करतानाही सतत अडखळायला झालं असतं. तुमचं काम ठरावीक क्षणीच अडतं, म्हणजे शोध तिथेच घ्यायचा.

आधी सेव्ह म्हणजे काय ते पाहू. वर्डची डॉकएक्स असो की रायटरची ओडीटी, बाहेरून एकच फाइल दिसते, पण आतून ती झिप असते. मजकूर एका एक्सएमएल (खुणांनी बांधलेला साधा मजकूर) फाइलमध्ये, स्टाइल दुसऱ्या, फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये, आणि हे सगळं दाबून एकत्र बांधलेलं. तुम्ही एक स्वल्पविराम बदलून कंट्रोल-एस दाबलंत तरी रायटर डिस्कवर जाऊन फक्त तो स्वल्पविराम बदलत नाही. २४० पानांचा मजकूर पुन्हा एक्सएमएलमध्ये लिहितो, फोटो पुन्हा आत ठेवतो, पुन्हा झिप करतो आणि ही नवी फाइल जुनीच्या जागी बसवतो. बदल एका अक्षराचा असला तरी मेहनत सगळ्या फाइलची होते.

तुमच्या बाबतीत त्यात आणखी एक काम वाढतं. रायटरचं स्वतःचं स्वरूप ओडीटी. डॉकएक्समध्ये सेव्ह करायचं म्हणजे प्रत्येक परिच्छेद, तक्ता, तळटीप वर्डच्या पद्धतीत बदलून लिहायची, आणि तीही दर सेव्हला. म्हणून काम चालू असेपर्यंत फाइल ओडीटीतच ठेवा. द्यायच्या दिवशी फाइल मेनूतल्या ‘सेव्ह अ कॉपी’ने डॉकएक्स प्रत काढा आणि ती एकदा उघडून तक्ते, तळटिपा, पानांचे क्रमांक नजरेखालून घाला. यात वेळेबरोबर मांडणीचाही फायदा आहे. रोज डॉकएक्स उघडून रोज डॉकएक्समध्ये बंद करताना बारीकसारीक गोष्टी थोड्या थोड्या सरकत जातात, ते थांबेल.

आता फोटो. अंदाज बांधत बसण्यापेक्षा आत डोकावून बघा. ओडीटी ज्यात मोडते ते ओडीएफ हे स्वरूप २००६ साली आणि वर्डचं ओओएक्सएमएल २००८ साली आंतरराष्ट्रीय मानक झालं. दोन्ही उघडी स्वरूपं आहेत, त्यामुळे झिप उघडता येते त्या कुणालाही आतलं दिसतं. फाइलची एक प्रत करा, मूळ फाइलला हात लावू नका. फाइल एक्सप्लोररच्या व्ह्यू मेनूत ‘फाइल नेम एक्स्टेन्शन्स’वर खूण करा म्हणजे नावाच्या शेवटी डॉकएक्स दिसेल. ते खोडून तिथे झिप लिहा, विंडोजचा इशारा मान्य करा आणि उघडा. आत ‘वर्ड’ नावाचा फोल्डर, त्यात ‘मीडिया’. ओडीटी असेल तर हाच ऐवज ‘पिक्चर्स’मध्ये मिळेल. तिथल्या फाइली आकाराप्रमाणे लावा. माझ्याकडे आलेल्या अशा बहुतेक फाइलींत मोजकेच फोटो सगळं ओझं घेऊन बसलेले असतात, बाकीचे बिचारे किरकोळ.

हे मोजके फोटो एवढे मोठे कसे होतात? १२ मेगापिक्सेलचा कॅमेरा ४००० बाय ३००० ठिपक्यांचा फोटो काढतो. तुम्ही तो पानावर आणता आणि कोपरा धरून १६ सेंटिमीटर रुंदीचा करता. दिसायला तो लहान होतो, पण आतला फोटो ४००० ठिपक्यांचाच राहतो. १६ सेंटिमीटर रुंदीला, इंचामागे २२० ठिपक्यांनी, साधारण १४०० ठिपके पुरतात. रुंदीत जवळपास तिप्पट म्हणजे क्षेत्रफळात आठपट माल तुम्ही दर सेव्हला उचलता आणि ठेवता. त्यातून फोटो कॉपी-पेस्टने आणला असेल तर कधी कधी तो जेपेगऐवजी पीएनजी होऊन बसतो. छायाचित्रासाठी पीएनजी फार जड पडतं, ते स्क्रीनशॉट आणि रेखाचित्रांसाठी चांगलं. आणि झिप इथे काही मदत करेल ही आशा सोडा. जेपेग आधीच दाबलेला असतो, तो आणखी दबत नाही.

उपाय सरळ आहे. मीडिया फोल्डरमध्ये जे सर्वांत मोठे दिसले तेवढेच फोटो हाताळा. रायटरमध्ये फोटोवर उजवी टिचकी, ‘कॉम्प्रेस’, आणि छपाईच्या गरजेप्रमाणे डीपीआय, म्हणजे इंचामागचे ठिपके, निवडा. यापुढे नवे फोटो आधी लहान करून मगच ‘इन्सर्ट’मधून घ्या, पेस्ट करू नका. फोटो आत न घेता ‘लिंक’ करायचा पर्यायही असतो, आणि त्याने फाइल अगदी हलकी होते, पण तुमचं काम दुसऱ्याच्या हाती जाणारं आहे. फाइलबरोबर फोटोंचा फोल्डर गेला नाही तर समोरच्याला रिकामे चौकोन दिसतील. तुम्हाला तो पर्याय मी सुचवणार नाही.

वर्डवाल्यांसाठी याच जागी सांगतो: कुठलाही एक फोटो निवडा, ‘पिक्चर फॉरमॅट’मध्ये ‘कॉम्प्रेस पिक्चर्स’, आणि ‘अप्लाय ओन्ली टू धिस पिक्चर’ची खूण काढा म्हणजे सगळे फोटो एकदम आटोपतील. ‘डिलीट क्रॉप्ड एरियाज’ची खूण असू द्या. क्रॉप केलेला भाग डोळ्यांआड होतो, फाइलमधून जात नाही, हे अनेकांना ठाऊकच नसतं. फक्त हे सगळं प्रतीवर करा, कारण एकदा कमी केलेले ठिपके परत येत नाहीत.

आता मध्येच गोठणाऱ्या पडद्याबद्दल. तो ऑटोरिकव्हरीचा परिणाम दिसतो. ठरावीक मिनिटांनी रायटर तुमच्या फाइलची वेगळी प्रत आपणहून लिहून ठेवतो, आणि ती प्रतसुद्धा पूर्ण फाइलचीच असते. सेव्हला मिनिट लागत असेल तर तिलाही तसाच वेळ लागणार. ‘टूल्स, ऑप्शन्स, लोड/सेव्ह, जनरल’ इथे तिची मिनिटं बदलता येतात. खूण काढून टाकायचा मोह होईल, पण कृपा करून तसं करू नका. फाइल हलकी झाली की हा त्रास आपसूक कमी होईल. तोवर हवं तर मिनिटं थोडी वाढवा.

एक शेवटची गोष्ट, अनेक महिने चाललेल्या दस्तऐवजासाठी. ‘ऑप्शन्स’मध्येच रायटरखाली ‘कंपॅरिझन’ नावाचं पान आहे. दोन प्रतींची तुलना नीट व्हावी म्हणून तिथे मजकुराला यादृच्छिक क्रमांक चिकटवण्याची सोय असते. प्रत्येक बैठकीचा क्रमांक वेगळा, त्यामुळे पुन्हा पुन्हा दुरुस्त झालेला परिच्छेद आतून तुकड्यातुकड्यांचा होतो. झिपमधली ‘कंटेंट’ नावाची एक्सएमएल फाइल उघडलीत तर एकाच वाक्याचे पाच तुकडे, प्रत्येकाभोवती वेगळी स्टाइल, असं दिसू शकतं. प्रतींची तुलना करत नसाल तर ही खूण काढा. ते यापुढच्या लिखाणापुरतं लागू होईल. आणि ‘ट्रॅक चेंजेस’मधले मान्य होऊन गेलेले शेकडो बदल अजून तसेच असतील तर एक प्रत जपून ठेवा आणि कामाच्या फाइलमध्ये ते स्वीकारून मोकळ्या व्हा.

प्रश्न : पूर्वी वर्डमध्ये ‘फास्ट सेव्ह’ नावाची खूण होती. ती आता सापडत नाही. कुठे गेली?

उत्तर : वर्ड २००७ पासून काढून टाकली, आणि ते फार बरं झालं. त्या सोयीत वर्ड पूर्ण फाइल न लिहिता झालेले बदल तेवढे शेवटी जोडत असे. सेव्ह चटकन होई, पण फाइल फुगत जाई आणि तुम्ही खोडलेला मजकूरही तिच्या पोटात राही. खोडलेलं वाक्य दुसऱ्याच्या हाती पडावं असं कुणालाच वाटणार नाही.

प्रश्न : मी हिशेबाचं काम करतो. आमची एक्सेल फाइल वर्षानुवर्षं चालत आलेली आहे, दर वर्षी जुनीवरून नवी तयार होते. माहिती जेमतेम चारशे ओळींची, पण फाइल ३० एमबीच्या वर गेली आहे. सेव्ह करताना खालची पट्टी मुंगीच्या गतीने सरकते. फोटो एकही नाही. मग एवढं वजन कशाचं?

उत्तर : वर्षानुवर्षं जुनीवरून नवी केलेल्या फाइलीत दिसतं त्यापेक्षा न दिसणारं जास्त असतं. आधी एक कळ दाबून बघा: प्रत्येक शीटवर कंट्रोल आणि एंड. एक्सेलच्या मते जिथे शीट संपतं तिथे कर्सर जाईल. तुमच्या चारशे ओळींच्या शेवटी गेला तर ते शीट निर्दोष. पण तो लाखभर ओळी खाली जाऊन थांबला तर त्या दोन टोकांच्या मधल्या रिकाम्या दिसणाऱ्या घरांतही एक्सेल काहीतरी सांभाळून आहे, बहुधा रंग, चौकटी, अंकांचं स्वरूप. एक्सेल २००७ पासून शीटला १०,४८,५७६ ओळी आणि १६,३८४ स्तंभ असतात. कुणीतरी कधीतरी ओळींचा मोठा पट्टा निवडून चौकट घातली असेल, ती आजवर तुमच्याबरोबर चालत आली.

काढायचं असं: फाइलची प्रत करा. शेवटच्या खऱ्या ओळीच्या खालची ओळ क्रमांकावर टिचकी देऊन निवडा, कंट्रोल-शिफ्ट-खालचा बाण दाबा, आणि उजव्या टिचकीने ‘डिलीट’ करा. कीबोर्डवरची डिलीट कळ इथे चालत नाही, ती घरातला मजकूर पुसते, रंगचौकटी तशाच ठेवते. उजवीकडच्या स्तंभांचंही हेच करा. मग सेव्ह करून पुन्हा कंट्रोल-एंड दाबा. मायक्रोसॉफ्ट ३६५ मध्ये ‘रिव्ह्यू’खाली ‘चेक परफॉर्मन्स’ आहे, ते हेच काम स्वतः शोधून सुचवतं.

त्यानंतर मी पाहतो ते कंडिशनल फॉरमॅटिंग, म्हणजे घरातल्या आकड्याप्रमाणे आपोआप रंग बदलणारे नियम. ‘मॅनेज रूल्स’ उघडा आणि वरच्या यादीत ‘धिस वर्कशीट’ निवडा. ओळी कॉपी-पेस्ट करत गेलं की एकच नियम तुटून त्याच्या असंख्य प्रती होतात, प्रत्येक दोनचार घरांपुरती. यादी सरकवता सरकवता संपत नसेल तर सगळे नियम काढा आणि जे दोनतीन खरोखर हवेत ते पूर्ण पट्ट्यावर नव्याने लावा. दुरुस्त करत बसण्यापेक्षा नव्याने लावणं कमी वेळाचं.

मग अदृश्य वस्तू. वेबपानावरून किंवा दुसऱ्या प्रोग्राममधून तक्ते चिकटवले की त्यांच्याबरोबर शून्य रुंदीच्या चौकटी, बटणं, चित्रं येतात. ऑल्ट-एफ१० दाबा, उजवीकडे सगळ्या वस्तूंची यादी उघडते. तिथे ओळखू न येणाऱ्या नावांची रांग दिसली तर तेही ओझं. ‘नेम मॅनेजर’मध्ये तुटलेले संदर्भ आणि ‘डेटा’खालच्या ‘एडिट लिंक्स’मध्ये वर्षांपूर्वीच्या फाइलींचे दुवेही बघा. ज्या फाइली आज अस्तित्वातच नाहीत त्यांचे दुवे ठेवून काही उपयोग नाही, पण तोडण्याआधी त्या घरांतले आकडे बरोबर आहेत याची खात्री करा, कारण दुवा तोडला की तिथे सूत्राऐवजी आकडा उरतो.

सूत्रांचाही एक भाग आहे. ऑफसेट, इनडायरेक्ट, नाऊ, टुडे ही फंक्शनं शीटमध्ये कुठेही काहीही बदललं तरी पुन्हा मोजली जातात. वेग वाढावा म्हणून कुणी गणना ‘मॅन्युअल’वर नेऊन ठेवली असेल तर तिथे सेव्हच्या आधी सगळं पुन्हा मोजण्याची खूण मुळातच लावलेली असते. म्हणजे दिवसभर टाळलेली मोजणी नेमकी सेव्हच्या वेळी होते आणि दोष सेव्हवर येतो. ती खूण काढू नका. चुकीचे आकडे घेऊन सेव्ह झालेली हिशेबाची फाइल हळू सेव्ह होणाऱ्या फाइलपेक्षा केव्हाही वाईट. ऑफसेटच्या जागी इंडेक्स वापरता येतं का ते बघा.

एवढं करूनही फाइल मोठीच राहिली, म्हणजे माहितीच खरोखर अफाट असेल, तर ‘सेव्ह अ‍ॅज’मध्ये ‘एक्सेल बायनरी वर्कबुक’ निवडून बघा. त्यात मजकूर एक्सएमएलऐवजी बायनरी स्वरूपात लिहिला जातो, त्यामुळे मोठ्या फाइली चटकन उघडतात आणि चटकन सेव्ह होतात. मात्र ही फाइल इतर प्रोग्रामना वाचता येईलच असं नाही. बाहेर पाठवायची प्रत नेहमीच्याच स्वरूपात ठेवा.

प्रश्न : आमच्या कार्यालयात सहा संगणक आहेत आणि फाइली एका सामायिक ड्राइव्हवर असतात. माझ्या एकाच संगणकावर वर्ड रडतं. चार ओळींचं पत्र असलं तरी सेव्हला तीस सेकंद. शेजारच्या टेबलावर तीच फाइल क्षणात सेव्ह होते. ऑफिस दोनदा काढून टाकलं. संगणक बदलून मागू का?

उत्तर : थांबा, मागणीपत्र इतक्यात लिहू नका. तुमच्या पत्रातच मोठा पुरावा आहे. चार ओळींच्या फाइलीत जड असं काही नसतं, आणि शेजारी ती लगेच सेव्ह होते, म्हणजे फाइल आणि सामायिक ड्राइव्ह दोघंही सुटले. उरतो तुमचा संगणक आणि त्याचं बाकीच्या जगाशी असलेलं नातं.

इथे घड्याळ कामाला येतं. चार ओळींचं पत्र आणि चाळीस पानांचा अहवाल, दोन्ही सेव्ह करून वेळ बघा. मोठ्या फाइलला जास्त वेळ लागला तर अडचण लिहिण्यात आहे: डिस्क, नेटवर्कचा वेग, फाइलचं वजन. दोघांनाही तेवढाच वेळ लागला तर संगणक कुणाच्या तरी उत्तराची वाट पाहतोय आणि उत्तर न आल्यावर ठरलेल्या वेळाने नाद सोडून पुढे जातोय. तुमचे दर वेळचे तीस सेकंद मला याच दुसऱ्या प्रकारचे वाटतात.

उत्तर न देणाऱ्यांत पहिला संशय प्रिंटरवर. आश्चर्य वाटेल, पण वर्ड, एक्सेल आणि रायटर पानांची मांडणी ठरवताना डिफॉल्ट प्रिंटरला विचारतात. तो नेटवर्कवरचा असेल आणि बंद असेल, किंवा कधीच काढून नेलेला असेल, तर विचारणा तशीच लटकत राहते. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये ‘लेट विंडोज मॅनेज माय डिफॉल्ट प्रिंटर’ बंद करा आणि ‘मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ’ हा डिफॉल्ट करून पुन्हा सेव्ह करून बघा. त्याला दाराबाहेर कुणाला विचारावं लागत नाही. फरक पडला तर जुने मृत प्रिंटर यादीतून काढून टाका. रायटर वापरणाऱ्यांनी ‘लोड/सेव्ह, जनरल’मध्ये ‘लोड प्रिंटर सेटिंग्ज विथ द डॉक्युमेंट’ची खूणही काढून पाहावी.

दुसरा संशय जुन्या नेटवर्क ठिकाणांवर. ‘धिस पीसी’मध्ये लाल फुलीचे ड्राइव्ह दिसतात का? ते तोडा. वेळ ‘सेव्ह अ‍ॅज’ची खिडकी उघडायलाच लागत असेल तर एफ१२ दाबा, जुनी साधी खिडकी थेट उघडते. ‘ऑप्शन्स, सेव्ह’मध्ये ‘सेव्ह टू कॉम्प्युटर बाय डिफॉल्ट’वर खूण केली की क्लाउडची ठिकाणं आधी पुढे येत नाहीत.

तिसरा अ‍ॅड-इन. म्हणजे वर्डला बाहेरून जोडलेला छोटा जादा प्रोग्राम. विंडोज आणि आर कळ दाबून ‘विनवर्ड’ लिहा, एक जागा सोडून तिरकी रेघ आणि ‘सेफ’, अर्थात इंग्रजी अक्षरांत. वर्ड अ‍ॅड-इनशिवाय उघडतं. तिथे सेव्ह क्षणात झालं तर ‘ऑप्शन्स, अ‍ॅड-इन्स’मध्ये जाऊन एकेक बंद करत दोषी शोधा. ऑफिस काढून पुन्हा टाकल्याने यातलं काहीच बदलत नाही, कारण प्रिंटर, ड्राइव्ह आणि बरेचसे अ‍ॅड-इन ऑफिसच्या बाहेरचे असतात. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असं तुमचं झालं.

प्रश्न : पेन ड्राइव्हवरच फाइल उघडून तिथेच सेव्ह करते. फार वेळ लागतो. महागडा पेन ड्राइव्ह घेऊ का?

उत्तर : पेन ड्राइव्ह ने-आण करायला आहे, काम करायला नाही. सेव्ह करताना वर्ड आधी तात्पुरती फाइल लिहितं, मग नावं बदलतं, जुनी पुसतं. छोट्या छोट्या लिखाणात पेन ड्राइव्ह सर्वांत मंद असतो. फाइल संगणकावर कॉपी करा, काम संपलं की परत पेन ड्राइव्हवर टाका आणि ‘इजेक्ट’ करूनच काढा. मधेच ओढून काढलेल्या पेन ड्राइव्हवरच्या फाइली वाचवून द्यायची वेळ येते तेव्हा सगळ्याच वाचत नाहीत.

प्रश्न : अँटिव्हायरस बंद केला की सेव्ह भराभर होतं. मग तो बंदच ठेवला तर?

उत्तर : नको. प्रत्येक नवी फाइल तो तपासतो, म्हणून वेळ जातो हे खरं. फरक एवढा जाणवत असेल तर संगणकावर एकाऐवजी दोन सुरक्षा प्रोग्राम एकमेकांच्या पायात पाय घालत नाहीत ना ते बघा, एक काढा आणि राहिलेला अद्ययावत करा. ईमेलने आलेल्या मॅक्रोच्या (आत आपोआप चालणाऱ्या आज्ञा असलेल्या) फाइली उघडणाऱ्या कार्यालयाने हे कवच काढून ठेवलेलं मला पाहवत नाही.

प्रश्न : माझी कादंबरी पूर्ण युनिकोड मराठीत आहे, साधारण पाच लाख अक्षरं. एकाने सांगितलं की देवनागरी ‘जड’ असते, म्हणून सेव्हला वेळ लागतो. रोमन लिपीत लिहून शेवटी बदलून घेऊ का?

उत्तर : अजिबात नको, आणि असं कुणी सांगितलं तर ऐकूही नका. त्या सांगण्यात खऱ्याचा अंश एवढाच: यूटीएफ-८ या पद्धतीत इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो आणि देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन. पाच लाख चिन्हांचे झाले पंधरा लाख बाइट, म्हणजे दीड एमबीच्या आसपास. झिपमध्ये मजकूर चांगला दबतो, त्यामुळे प्रत्यक्षात तो त्याहून बराच लहान होतो. मोबाइलवर काढलेला एक फोटो तुमच्या अख्ख्या कादंबरीपेक्षा जड असू शकतो.

तुमच्या फाइलीत दुसरं काही असेल. ‘ऑप्शन्स, सेव्ह’मध्ये ‘एम्बेड फॉन्ट्स’वर खूण आहे का बघा. असेल तर पूर्ण फॉन्ट दर वेळी फाइलीत भरला जातो. छपाईला देतानाच ती खूण करा. आणि मजकुराचा काही भाग जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमधून बदलून घेतला असेल तर शब्दागणिक फॉन्टची वेगळी नोंद मागे राहिलेली असते. एक प्रत घ्या, पूर्ण मजकूर निवडून कंट्रोल-स्पेस दाबा, अक्षरांवर थेट दिलेली सजावट निघून जाते, आणि मग स्टाइलमधून एकदाच फॉन्ट ठरवा. ठळक आणि तिरपे शब्द मात्र यात साधे होतील, ते पुन्हा करावे लागतील. लिहीत राहा, मराठीतच.

प्रश्न : गेल्या महिन्यापासून माझं सगळंच हळू सेव्ह होतं: वर्ड, एक्सेल, अगदी नोटपॅडसुद्धा. कधी पटकन होतं, कधी अर्धं मिनिट लागतं. संगणक जुना आहे, फिरत्या तबकडीची डिस्क आहे. काल मध्येच ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ आलं, मी टास्क मॅनेजरमधून वर्ड बंद केलं आणि दुपारचं काम गेलं. ते परत मिळेल का?

उत्तर : या महिन्यातल्या पत्रांत मला सर्वांत काळजी वाटली ती तुमच्या पत्राची, म्हणून दोन गोष्टी क्रमाने सांगतो आणि क्रम बदलू नका.

पहिली गोष्ट आज रात्रीच्या आत करा. तुमच्या महत्त्वाच्या सगळ्या फाइली दुसऱ्या डिस्कवर किंवा क्लाउडवर कॉपी करा. सगळ्याच प्रोग्राममध्ये, कधी लवकर कधी उशिरा, अशी लहरी दिरंगाई हे डिस्क खराब होत असल्याचं लक्षण असू शकतं. खराब जागेवर लिहिताना डिस्क पुन्हा पुन्हा प्रयत्न करते, तोच तो वेळ. कॉपी झाल्यावर ‘इव्हेंट व्ह्यूअर’ उघडा, ‘विंडोज लॉग्ज’मध्ये ‘सिस्टम’, आणि ‘डिस्क’ या स्रोताच्या नोंदी शोधा. ‘बॅड ब्लॉक’चा उल्लेख असलेली ७ क्रमांकाची नोंद दिसली तर डिस्क बदला, तिच्यावर आणखी भरवसा ठेवू नका. कॉपी घेण्याआधी चेकडिस्कची, म्हणजे विंडोजच्या डिस्क तपासणाऱ्या प्रोग्रामची, खोल तपासणी मुळीच चालवू नका. मरायला टेकलेल्या डिस्कला ती तपासणी तासन्‌तास राबवते. नोंदी स्वच्छ असतील तर डिस्कवर रिकामी जागा किती उरली आहे ते बघा. गच्च भरलेली डिस्कही अशीच वागते.

दुसरी गोष्ट दुपारच्या कामाची. वर्ड उघडा, ‘फाइल, इन्फो, मॅनेज डॉक्युमेंट’मध्ये ‘रिकव्हर अनसेव्ह्ड डॉक्युमेंट्स’ बघा. तिथे नसेल तर ‘ऑप्शन्स, सेव्ह’मध्ये ‘ऑटोरिकव्हर फाइल लोकेशन’ लिहिलेलं असतं, तो पत्ता कॉपी करून एक्सप्लोररमध्ये टाका आणि कालच्या दुपारच्या वेळेच्या फाइली शोधा. त्यांच्या नावाच्या शेवटी एएसडी असतं. तसंच मूळ फाइल जिथे होती त्या फोल्डरमध्ये लपलेल्या फाइली दाखवायला लावून विचित्र नावाच्या तात्पुरत्या फाइली दिसतात का बघा. सापडलेली फाइल तिथेच उघडू नका, आधी दुसरीकडे कॉपी करा. मिळेलच अशी हमी देत नाही, पण ऑटोरिकव्हर चालू असेल तर निदान काही भाग मिळण्याची आशा बरीच आहे.

यापुढे ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ दिसलं तर लगेच वर्ड बंद करू नका. टास्क मॅनेजर उघडा, पण ‘एंड टास्क’ दाबण्याऐवजी वर्डच्या ओळीत डिस्क आणि सीपीयूचे आकडे बघत बसा. ते हलत असतील तर वर्ड अजून लिहितंय, त्याला लिहू द्या. ते दोन्ही शून्यावर येऊन बराच वेळ तसेच राहिले तरच बंद करा, आणि त्याआधी पडद्यावर दिसत असलेल्या, सेव्ह न झालेल्या पानाचा मोबाइलने फोटो काढून ठेवा.